चोरी घरातून सुरू होते

१९५८ साली मुंबईत आणि रोममध्ये दोन विनोदी चित्रपट तयार झाले. मुंबईतला सत्येन बोस यांचा ‘चलती का नाम गाडी’, रोममधला मारिओ मोनिचेल्ली यांचा ‘इ सोलिती इन्योती’. एकात मोटार दुरुस्तीचं गॅरेज चालवणारे तीन भाऊ आहेत, दुसऱ्यात गहाणवटीच्या दुकानाची तिजोरी फोडायला निघालेले चारपाच फाटके चोर. पण जरा जवळून पाहिलं की साम्यं दिसू लागतात. मुंबईतला थोरला भाऊ मुष्टियोद्धा आहे आणि रोममधल्या टोळीचा म्होरक्याही मुष्टियोद्धाच, कायम मार खाणारा. थोरल्या भावानं गॅरेजमध्ये बाईचं चित्रसुद्धा येऊ द्यायचं नाही असा दंडक घातलाय. तिकडे टोळीतल्या एका सिसिलियन चोरानं लग्न होईपर्यंत बहिणीला घरात कुलूप लावून ठेवलंय. दोन्हीकडे धाकटे हा दंडक मोडतात, आणि दोन्हीकडे ज्या दारातून प्रेम आत येतं त्याच दारातून गुन्हाही आत येतो.

या दोन चित्रपटांच्या कर्त्यांनी एकमेकांचं काम पाहिलं असण्याचा संभव नाही. तरी दोघं एकाच जागी पोचले, कारण ती जागा फार जुनी आहे. प्रेमकथा, घरातला कलह आणि चोरी या तिघांची मोट बांधणारे चित्रपट हा या पुस्तकाचा विषय. समीक्षेनं या चित्रपटांना बहुधा ‘निव्वळ करमणूक’ म्हणून बाजूला सारलं. प्रेक्षकांनी मात्र ते पुन्हा पुन्हा पाहिले, त्यांतले संवाद तोंडपाठ केले, सुट्टीच्या दिवशी तीन पिढ्या एकत्र बसून टीव्हीवर पाहिले. घरातल्या प्रत्येकाला त्यात स्वतःची तक्रार सापडते, असं मला वाटतं. बापाला वाटतं पोरगा वाया गेला, पोराला वाटतं बाप ऐकत नाही, मुलीला वाटतं आपल्याला कोणी विचारतच नाही. मग पडद्यावर कोणीतरी हिरे पळवतो आणि या तिघांनाही एकाच गाडीत बसून धावावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. या प्रकारातल्या चांगल्या चित्रपटांत गुन्हा बाहेरून येत नाही. जे सरळ मागून घरात मिळत नाही ते चोरून घ्यावं लागतं: लग्नाची परवानगी, राहायला खोली, वाट्याचा पैसा, बापाचा विश्वास. खोटं बोलणं ही पहिली चोरी. हिरे, तिजोऱ्या आणि पिस्तुलं त्या पहिल्या खोट्याच्या मागोमाग येतात. वाईट चित्रपटांत हे उलटं होतं: घर एका बाजूला, टोळी दुसऱ्या बाजूला, आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोघांची गोदामात गाठ घालून दिलेली.

‘चलती का नाम गाडी’त हे फार नीट जमलं आहे. पावसाळी रात्री बंद पडलेली गाडी घेऊन रेणू गॅरेजमध्ये येते. थोरला ब्रिजमोहन आणि मधला जगमोहन झोपलेले असतात, धाकटा मनमोहन गाडी दुरुस्त करून देतो, आणि ती पैसे न देताच निघून जाते. पाच रुपये बारा आणे. देशात दशमान नाणी १९५७ च्या एप्रिलमध्ये आली होती, पण माणसं अजून आण्यांतच हिशेब करत होती, आणि हे बारा आणे मनमोहनला रेणूच्या घरापर्यंत घेऊन जातात. थकलेलं बिल वसूल करायला गेलेला मेकॅनिक प्रेमात पडतो. थोरल्या भावाला हे कळता कामा नये, म्हणून लपाछपी. इथवर ही घरगुती गोष्ट आहे. मग कळतं की राजा हरदयालसिंग नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या भावाचं लग्न रेणूशी लावून तिच्या बापाची इस्टेट लाटू पाहतोय. म्हणजे या चित्रपटातला दरोडा लग्नाच्या रूपानंच पडणार आहे. आणि ज्या बाईनं धोका दिला म्हणून ब्रिजमोहननं अख्ख्या स्त्रीजातीशी वैर धरलं, ती कामिनी याच राजाच्या घरात अडकलेली निघते. थोरल्याची जखम आणि धाकट्याचं संकट यांच्यामागे माणूस एकच. गुन्हेगार पकडला गेला की घरातला दंडक आपोआप गळून पडतो, कारण तो दंडक त्याच गुन्ह्यातून जन्मला होता.

अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे खांडव्याचे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच झाले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा चित्रपटाला काय फायदा झाला याकडे मात्र फारसं लक्ष गेलेलं नाही. अशोककुमार किशोरपेक्षा जवळजवळ अठरा वर्षांनी मोठे. थोरल्याची जरब आणि धाकट्याचा वांडपणा त्यांना शिकावा लागला नाही. ब्रिजमोहन खोलीत शिरला की मनमोहनचे खांदे किंचित आत जातात, आणि तो वळला की लगेच सैल होतात. असं काम दिग्दर्शक सांगून करून घेऊ शकत नाही. आणि मधुबाला. रेणू ही तिजोरीतल्या दागिन्यासारखी वाट पाहत बसणारी नायिका नाही. ती गाडी चालवते, टोमणे मारते, मनमोहनच्या प्रेमाचा अंदाज त्याच्याआधी तिला येतो. किशोरकुमार आणि मधुबाला यांनी पुढे १९६० मध्ये लग्न केलं, पण त्या चरित्राचा आधार न घेताही या दोघांमधली मौज पडद्यावर टिकून आहे.

ही जागा जुनी आहे असं वर म्हटलं. किती जुनी, तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’इतकी. त्याचा संगीत नाटकाचा अवतार गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणला, तेव्हा मराठी माणसाला ही कथा परकी नाही. वसंतसेना या गणिकेनं आपले दागिने गरीब चारुदत्ताकडे ठेवायला दिलेत. शर्विलकाला मदनिकेवर प्रेम आहे, ती वसंतसेनेची दासी, तिला सोडवायचं तर पैसे हवेत. म्हणून तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भिंत फोडण्याआधी तो भोकाचा आकार कोणता असावा याचा शास्त्रशुद्ध विचार करतो आणि मोजायला दोरी नाही म्हणून स्वतःचं जानवं काढून माप घेतो. आत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांची पेटी स्वतःच त्याच्या हाती देतो. मग शर्विलक तेच दागिने घेऊन कुठे जातो? थेट वसंतसेनेच्या घरी, मदनिकेची किंमत म्हणून. प्रेमासाठी केलेली चोरी फिरून मूळ मालकिणीच्या दारात येते, आणि ती मालकीण सगळं ऐकूनही मदनिकेला मोकळी करते.

पण मला या नाटकातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो तो धूतेचा. चारुदत्ताची बायको. नवऱ्याच्या घरातून एका गणिकेचे दागिने चोरीला गेले आणि आता गरिबीमुळे लोक म्हणतील की यानंच ते गिळले. धूता आपली माहेरची रत्नमाला काढून देते, तीही थेट नवऱ्याच्या हाती न देता, त्याचा अभिमान दुखावू नये म्हणून व्रताचं दान आहे असं सांगून मैत्रेयाला देते. नवऱ्याची प्रेयसी, नवऱ्याची अब्रू आणि स्वतःचं स्त्रीधन, असे तीन ताण एका हालचालीत. प्रेम, चोरी आणि घर यांची गाठ इतक्या नाजूकपणे बांधणारा दुसरा प्रसंग मला या प्रकारात सापडलेला नाही. यापुढे ज्या चित्रपटांची नावं येतील ते सगळे कळत नकळत या घरफोडीचे वारस आहेत.

दुसरी मुळी तमाशातली. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात. मागणी पैशाची, रोख प्रेमाचा, आणि गौळणींची धास्ती घरच्या सासूची. त्यांच्याबरोबर मावशी असते, जी नेहमी पुरुष नट करतो. वाटमारी, शृंगार, सासुरवास आणि साडीतला पुरुष हे सगळं एका छोट्या खेळात बसवण्याची सवय मराठी प्रेक्षकाला शेकडो फडांवर लागलेली आहे. पुढे मराठी सिनेमानं काय केलं याकडे जाताना ही गवळण ध्यानात ठेवावी.

अमेरिकेत या प्रकाराचा शिखरबिंदू माझ्या मते प्रेस्टन स्टर्जेस यांचा ‘द लेडी ईव्ह’ (१९४१). बोटीवर प्रवास करणारे बापलेक, कर्नल हॅरिंग्टन आणि जीन, पत्त्यांत श्रीमंतांना नागवून जगतात. सावज म्हणून चार्ल्स पाइक सापडतो, बिअरच्या कारखानदाराचा मुलगा, सापांचा अभ्यासक, ॲमेझॉनच्या जंगलातून परतलेला, बायकांच्या बाबतीत पुरता कोरा. जीन त्याला जाळ्यात ओढते आणि स्वतःच त्यात अडकते. तिथे येतो तो पत्त्यांच्या टेबलाचा प्रसंग. बाप चार्ल्सला लुबाडण्यासाठी पत्ते फिरवतोय, आणि लेक प्रियकराला वाचवण्यासाठी बापाचेच डाव उलटे फिरवतेय. चार्ल्सला काहीच दिसत नाही, तो आनंदात आहे. बापाला दिसतं की मुलगी हातची गेली. शब्द एकही न उच्चारता बापलेकीचं अख्खं भांडण पत्त्यांत खेळलं जातं. बापाचं काम करणाऱ्या चार्ल्स कोबर्न यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग कमी आणि विस्मय जास्त असतो: आपण शिकवलेली विद्या पोरगी आपल्यावरच चालवतेय, आणि आपल्यापेक्षा सरस चालवतेय. बार्बरा स्टॅनविकनं जीनच्या ओठांवर इतकंच हसू ठेवलंय की आपल्याला तिची जीत कळावी आणि चार्ल्सला कळू नये.

हा चित्रपट ज्या काळातला आहे तेव्हा हॉलिवूडवर निर्मिती संहितेचं राज्य होतं. १९३० मध्ये ठरलेले आणि १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेले हे नियम सांगत की गुन्ह्याचं कौतुक पडद्यावर होता कामा नये, गुन्हेगार सुटता कामा नये. स्टर्जेसची जीन ना तुरुंगात जाते ना पश्चात्तापानं झिजते. ती खोटी इंग्रज उमराव बाई बनून चार्ल्सच्या बापाच्या घरात घुसते, चार्ल्सशी लग्न करते, त्याला शिक्षा देते, आणि शेवटी पुन्हा बोटीवर जीन म्हणूनच त्याला मिळवते. लग्न हीच शिक्षा आणि लग्न हेच बक्षीस, म्हणून संहितेच्या पहारेकऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. कडक बंधनात विनोदाला धार येते याचं हे ठळक उदाहरण. आमच्याकडेही सेन्सॉर आणि घरचे वडीलधारे या दोघांच्या नजरेखाली हाच मार्ग वापरला गेला.

मोनिचेल्लींच्या रोममध्ये बंधन दारिद्र्याचं आहे. ‘इ सोलिती इन्योती’त टोळीनं ठरवलेलं असतं की रिकाम्या फ्लॅटची भिंत फोडली की पलीकडे गहाणवटीचं दुकान. तिजोरी कशी फोडायची याचं शिक्षण घ्यायला ती टोतोनं रंगवलेल्या एका निवृत्त जाणकाराकडे जाते, आणि तो गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध उभा राहून प्राध्यापकासारखं व्याख्यान देतो. पण चित्रपटाचा जीव त्या फोडाफोडीत नाही. मार्चेल्लो मास्त्रोयानीचा तिबेरिओ हा छायाचित्रकार आपलं तान्हं मूल कडेवर घेऊन कटाच्या बैठकीला येतो, कारण त्याची बायको सिगरेटच्या तस्करीसाठी तुरुंगात आहे. अनाथाश्रमात वाढलेला मारिओ ज्या बायकांनी त्याला वाढवलं त्या सगळ्यांना आई मानतो. तो कोंडून ठेवलेल्या कार्मेलिनाच्या प्रेमात पडतो आणि तिच्यासाठी टोळी सोडून सिनेमा थिएटरात नोकरी धरतो. गासमननं केलेला म्होरक्या पेप्पे फ्लॅटच्या किल्ल्यांसाठी तिथल्या मोलकरणीशी प्रेमाचं नाटक करतो आणि त्या नाटकातून त्याला बाहेर पडता येत नाही. शेवटी भिंत फुटते ती चुकीची. पलीकडे दुकान नाही, त्याच घराचं स्वयंपाकघर आहे. टोळी तिथे बसून हरभऱ्याच्या आमटीतला पास्ता खाते. हे स्वयंपाकघर माझ्या मते युरोपीय विनोदी सिनेमातली सगळ्यात उबदार जागा आहे. तिजोरी फोडायला निघालेल्या, घर नसलेल्या माणसांना वाटेत घरच सापडतं, पोटभर जेवण मिळतं, आणि चोरीचं कोणाला फारसं दुःख उरत नाही.

विल्यम वायलर यांचा ‘हाऊ टु स्टील अ मिलियन’ (१९६६) या ओळीत हलक्या पावलानं येतो. ऑड्री हेपबर्नचा बाप बनावट चित्रं काढणारा कलावंत. आजोबांनी, आजीला समोर उभी करून, घडवलेली बनावट ‘चेल्लिनी’ मूर्ती बापानं संग्रहालयाला उसनी दिलीय. आता तिची तपासणी होणार. बापाची अब्रू वाचवायची तर मुलीनं स्वतःच्याच घरची वस्तू चोरायची, आणि त्यासाठी ज्याला चोर समजते त्या पीटर ओटूलची मदत घ्यायची. तो मुळात बनावट कलेचा तपास करणारा माणूस निघतो. चोरी करणाऱ्याचाही गुन्हा नाही, कारण वस्तू आपली. चोरीला गेलेल्याचंही नुकसान नाही, कारण वस्तू खोटी. खरं काय उरतं तर मुलीची बापावरची माया, आणि एका अरुंद कपाटात दोघांनी काढलेली रात्र. चित्रपट गोड आहे, पण ‘लेडी ईव्ह’मधल्या बापलेकीच्या चकमकीची धार त्याला नाही.

हिंदीकडे वळताना ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ (१९७२) विसरून चालणार नाही. ब्रिज यांच्या या चित्रपटात हिरे मुंबईच्या घोडागाडीत दडवलेले असतात, गाडीवाला तुरुंगात गेलेला असतो आणि त्याची मुलगी, सायरा बानो, पुरुषी वेषात ती गाडी हाकत असते. हिऱ्यांच्या शोधात नुकतेच तुरुंगातून सुटलेले दोन म्हातारे चोर, अशोककुमार आणि प्राण, तिच्या मागे लागतात. बाहेरून सज्जन दिसणारा शेठ हाच टोळीचा सूत्रधार असतो आणि नायक त्याच्याच घरात वाढलेला असतो. प्रेमाची जोडी इथे दुय्यम आहे हे मान्य करायला हवं. खरी गंमत अशोककुमार आणि प्राण यांच्या दोस्तीत आहे. पण बापाच्या नावाखाली कोण उभा आहे आणि खरा बाप कोण, हा प्रश्न या चित्रपटानं हिऱ्यांच्या शोधाला जोडून दिला. मुंबईतल्या या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. घोड्यांच्या हालांचा विचार करता ते योग्यच झालं. रात्रीच्या रस्त्यावरून धावणारी ती गाडी या चित्रपटात मात्र जपून राहिली आहे.

‘अंदाज अपना अपना’ (१९९४) पहिल्यांदा लागला तेव्हा प्रेक्षकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. टीव्ही आणि व्हिडिओवर तो मोठा झाला. राजकुमार संतोषींनी या प्रकारातले सगळे घटक एकाच वेळी हवेत फेकले आणि बरेचसे झेललेही. एकाचा बाप न्हावी, दुसऱ्याचा शिंपी. दोघेही पोरांच्या उद्योगांनी जेरीस आलेले. पोरं उटीला जातात ती श्रीमंत मुलगी पटवून एका उडीत नशीब काढायला. म्हणजे नायकच लबाड. ज्या मुलीच्या मागे ते आहेत ती आणि तिची सेक्रेटरी यांनी आपापली नावं बदललेली. म्हणजे नायिकाही खरं सांगत नाहीत. आणि या सगळ्या छोट्या फसवणुकींच्या तळाशी एक मोठी फसवणूक: मुलीच्या बापाचा जुळा भाऊ त्याची जागा घ्यायला टपलेला. परेश रावल यांनी दोन्ही भाऊ केले. गुन्ह्याचा चेहरा घरातल्याच माणसाचा असतो, ही या प्रकाराची मूळ गोष्ट इथे अक्षरशः एकाच नटाच्या चेहऱ्यावर दाखवलेली आहे. अनेक जण हा चित्रपट संवादांसाठी आठवतात. मला तो या रचनेसाठी आठवतो.

‘बंटी और बबली’ (२००५) दोन घरांतून पळून गेलेल्या दोन मुलांपासून सुरू होतो. एकाला बापाची रेल्वेतली नोकरी नको, दुसरीला ठरवलेलं लग्न नको. पुढच्या सगळ्या फसवणुकी, अगदी ताजमहाल विकण्यापर्यंत, या दोन नकारांतून उगवतात, म्हणून त्या पटतात. अनीस बाझमींचा ‘वेलकम’ (२००७) मात्र उलट बाजूनं येतो. तिथे बायकोचं घरच गुंडांचं आहे. ह्यू ग्रँटच्या ‘मिकी ब्लू आईज’ (१९९९) या चित्रपटाशी त्याची जवळीक उघड आहे, पण नाना पाटेकरांच्या उदय शेट्टीनं ते कर्ज फेडलं असं मी म्हणेन. दुबईतला हा डॉन बहिणीसाठी खानदानी स्थळ शोधत फिरतो, स्वतः नट व्हायची स्वप्नं पाहतो, आणि ज्या डॉक्टर मामाला आपला भाचा सज्जन घरात द्यायचाय तो मामा याच्याच दारात येऊन पडतो. दोन्ही बाजूंना एकच हव्यास: समोरचं घर अब्रूदार असावं. नानांनी त्या डॉनला प्रत्येक वेळी इतक्या गंभीरपणे खेळवलंय की बहिणीच्या लग्नाची त्याची काळजी खरी वाटते. चित्रपटाचा शेवट मात्र निव्वळ धावपळीत वाया गेला आहे.

आता मराठी. १९८०च्या दशकातल्या मराठी विनोदी चित्रपटांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत, एक निव्वळ गोडवे गाणारं आणि दुसरं नाक मुरडणारं. दोन्हींत चित्रपटांकडे नीट पाहणं राहून जातं. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या चित्रपटाची, पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या माणसाचे. पुण्यात खोली मिळत नाही, लीलाबाई काळभोर फक्त संसारी माणसांना जागा देतात, म्हणून चार तरुणांतले दोघे बायका होतात. हा गुन्हा खरोखरचा आहे, तोतयेगिरीचा, पण त्याचं कारण त्या काळात मुंबई-पुण्यात भाड्यानं खोली शोधलेल्या कोणालाही समजेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि घरमालक नवा भाडेकरू घ्यायला कचरू लागले. घेतलाच तर अटी घालून. एकटा तरुण म्हणजे संशयित, ही अट तर लेखी नसतानाही सगळीकडे होती. सबनीसांनी विनोद उचलला तो या टंचाईतून. आणि साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे पाहताना तमाशातली मावशी आठवावी. विलायती फार्सनं साडीतला पुरुष आपल्याला शिकवला हा समज अर्धाच खरा आहे.

या चित्रपटात खरी टोळीही आहे आणि ती घरातलीच आहे. लीलाबाईंचा भाचा बळी त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून आहे. विजू खोटे यांनी तो केला, आणि सहा वर्षांनी ‘अंदाज अपना अपना’त रॉबर्ट म्हणून ते पुन्हा अशाच एका इस्टेटीच्या कटात सापडले. आता पाहा, लीलाबाईंना दोन प्रकारची माणसं फसवतायत. चार परकी पोरं खोटी नाती सांगून घरात राहतात आणि म्हातारीवर मनापासून माया करतात. एक रक्ताचा भाचा खरं नातं सांगून तिला लुबाडू पाहतो. चित्रपट हा फरक शब्दांत सांगत बसत नाही, पण लीलाबाई शेवटी पोरांना क्षमा करतात तेव्हा प्रेक्षकाला ती क्षमा स्वस्त वाटत नाही. धनंजय माने हे पात्र अशोक सराफांनी खोट्याची जुळवाजुळव करणारा हिशेबनीस म्हणून उभं केलं. प्रत्येक नवं खोटं बोलण्याआधी त्याच्या डोळ्यांत आधीच्या खोट्यांची यादी चाळल्याची एक क्षणभराची झाक दिसते. ती पाहण्यासाठीच मी हा चित्रपट पुन्हा लावतो.

सचिन यांचाच ‘गंमत जंमत’ (१९८७) अपहरणावर उभा आहे. पैशाच्या अडचणीतले दोन मित्र श्रीमंत घरची मुलगी पळवतात आणि त्यांतला एक तिच्या प्रेमात पडतो. गोव्याच्या वर्षा उसगांवकर यांचा हा पहिला मराठी चित्रपट. याच चित्रपटात किशोरकुमार मराठीत गायले, अनुराधा पौडवाल यांच्यासोबत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. बारा आणे वसूल करायला निघालेला मनमोहन आणि या दोन मित्रांतल्या अशोक सराफांच्या फाल्गुनला मिळालेला आवाज यांच्यामध्ये एकोणतीस वर्षं आहेत, पण दोन्हीकडे तीच खोडकर घाई ऐकू येते.

‘गंमत जंमत’ मला आवडतो, तरी त्याच्यापाशी थांबून या प्रकाराबद्दलची माझी मोठी तक्रार नोंदवणं भाग आहे. मुलगी पळवणं ही गोष्ट विनोदी कशी ठरली? आपल्या पिढीनं त्यावर मोकळेपणानं हसून घेतलं. पण पळवलेल्या मुलीला प्रेमात पाडून मोकळं होणाऱ्या कथा शेकड्यांनी निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेकींत मुलीला फक्त किंमत होती, मत नव्हतं. बापाच्या घरातली तिजोरी आणि बापाच्या घरातली मुलगी या दोन्ही गोष्टी कथेच्या लेखी सारख्याच, पळवण्याजोग्या. वसंतसेना, जीन हॅरिंग्टन, रेणू, व्हिक्टोरिया हाकणारी सायरा बानो यांनी हा साचा मोडला, कारण डावात त्यांचेही पत्ते होते. ज्या चित्रपटांत नायिकेच्या हाती पत्ते नाहीत तिथे घरचा कलह दोन पुरुषांचा होतो, बाप आणि जावई, आणि मुलगी मधल्या मध्ये सामान होऊन बसते. या पुस्तकातल्या निवडीत मी हा निकष कठोरपणे लावला आहे, आणि त्यामुळे काही लोकप्रिय नावं बाहेर राहिली याची मला खंत नाही.

दुसरी तक्रार शेवटांची. गोदाम, पोती, काचा, दोरीनं बांधलेले आईबाप, आणि पोलिसांची जीप. सेन्सॉरला गुन्ह्याचा निकाल हवा असतो हे खरं, पण निकाल घरातही लागू शकतो. शूद्रकानं तो वसंतसेनेच्या घरात, दासी मोकळी करून लावला, स्टर्जेसनं बोटीच्या केबिनमध्ये आणि मोनिचेल्लींनी आमटीच्या पातेल्याशी. मारामारीनं शेवट करणारा दिग्दर्शक बहुधा घरातल्या भांडणाचं उत्तर सापडलं नाही म्हणून गोदामात जातो.

अलीकडच्या चित्रपटांत हा प्रकार पुन्हा घरात परतताना दिसतोय आणि त्याची सर्वांत धाडसी खूण म्हणजे जसमीत रीन यांचा ‘डार्लिंग्ज’ (२०२२). भायखळ्याच्या चाळीतली बद्रू, तिचा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला नवरा हमजा, आणि शेजारीच राहणारी आई शमशू. प्रेमविवाह झालेला आहे, रोज रात्री मार आहे, सकाळी माफी आहे. मग मायलेकी नवऱ्यालाच घरात डांबून ठेवतात. अपहरण आहे, पण पळवून कुठे नेलेलं नाही. पोलिसांना चुकवण्याची लपाछपी आहे, शेजाऱ्यांच्या चौकशा आहेत, म्हणजे विनोदाची सगळी सामग्री आहे. फक्त प्रेमकथा उलटी चालते: इतर चित्रपटांत प्रेमी एकत्र यावेत म्हणून गुन्हा होतो, इथे बाईला प्रेमातून बाहेर पडता यावं म्हणून. शेफाली शाह आणि आलिया भट यांच्यात आईलेकीचा जो ताण आहे (आईला गोष्ट एका घावात संपवायची आहे, मुलीला आधी नवऱ्यानं आपली इज्जत करावी असं वाटतंय) त्यातच हसू येतं आणि तिथेच ते घशात अडकतं. हा चित्रपट सर्वांना रुचला नाही. नवऱ्याला मारणाऱ्या बायकोवर हसायचं का, असा प्रश्न काहींनी रागानं विचारला. गौळणींची वाट अडवणाऱ्या पेंद्यावर, पळवलेल्या मुलीवर, कोंडलेल्या बहिणीवर हसताना तो प्रश्न आपण विचारला नव्हता. म्हणून या पुस्तकातलं पहिलं प्रकरण ‘डार्लिंग्ज’वर आहे आणि तिथून मागे मागे जात शेवटचं शर्विलकाच्या जानव्यापाशी पोचतं. कालक्रमानं वाचायची सवय असलेल्या वाचकानं शेवटून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.